परत आलेले काम

भारतने फडके सोडले आणि आतले दोन लोखंडी तुकडे ऐरणीवर न ठेवता शेजारच्या दगडावर ठेवले. गार लोखंड ऐरणीवर ठेवायचे नसते, हे तो विसरला नव्हता.

आसारामने ते पाहिले, पण मान वर केली नाही. सांडशीत धरलेला फाळ लाल होता. त्याने हातोडीने फाळावरची जागा दाखवली, समोर चंद्रभागाबाईने पदर खोचून घण उचलला आणि नेमका तिथेच घातला. पुन्हा हातोडी, पुन्हा घण. फाळाचा रंग उतरला तसा आसारामने तो भट्टीत खुपसला आणि भात्याची दोरी हातात घेतली. मग चंद्रभागाबाईने घण खाली ठेवला आणि भारतकडे पाहिले.

"चालत आलास का रे?"

"मांजरसुंब्याहून, मामी. गाडी तिथंच हुबी हाय."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. भारत उभ्यानेच पाणी प्यायला. भाता चालू होता. नेकनुरातल्या लोहाराच्या त्या पडवीत मामा-भाच्यात बोलणे नव्हते, आणि ते का नव्हते हे गावाला ठाऊक होते.

भारत आसारामच्या बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. मिसरूड फुटेपर्यंत त्याने याच भट्टीवर घण घातला. गावात त्याच्या घणाचा आवाज वेगळा ओळखू यायचा. मग एका रविवारी, जनावरांच्या बाजारात, विठ्ठलराव देशमुखांची नवी लॉरी येऊन उभी राहिली. विठ्ठलरावांची जमीन मोठी, कापूस मोठा. सिकंदराबादच्या छावणीतल्या लिलावातून त्यांनी ती अवजड विलायती गाडी आणली होती, आणि तेवढी मोठी गाडी तेव्हा जिल्हा सांभाळणाऱ्या बीडच्या तालुकदारांनीसुद्धा पाहिली नव्हती. भारत ती धुवायला म्हणून गेला तो परत भट्टीवर आला नाही. आधी धुणारा, मग ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा, मग ड्रायव्हर. आसारामने त्याला बोलावले नाही की शिवी दिली नाही. घण चंद्रभागाबाईने उचलला. तेव्हापासून भाच्याला काही सांगायचे झालेच तर आसाराम ते बायकोला सांगायचा, भाचा समोर बसलेला असला तरी.

आता भारत मामीकडे बघून बोलत होता आणि ऐकायचे मामाने, अशी त्याची अपेक्षा होती. त्या लॉरीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाच्या अंगाला हवेचा एक पंप आहे. इंजिनाच्या दातेरी चाकात या तुटलेल्या दांड्याचे एक टोक बसते, पंपात दुसरे. चाक फिरते तसा दांडा फिरतो, दांडा पंप चालवतो, पंप टाकीत हवा कोंबतो आणि त्या हवेच्या जोराने भरली लॉरी घाटात आवरली जाते. दांडा तुटला की पंप थांबतो, टाकीवरचा काटा खाली येऊ लागतो. मग उरतो हातब्रेक, आणि कापसाची बोंद्री, म्हणजे मोठाली पोती, लादलेल्या लॉरीला मांजरसुंब्याच्या उतारावर हातब्रेक पुरत नाही. मागच्या उन्हाळ्यात असाच एक दांडा तुटला होता. सिकंदराबादहून दुसरा यायला महिना गेला आणि बीडच्या मिस्त्रीने तो बसवताना भारतला हातसुद्धा लावू दिला नाही. आता हाही तुटला, ऐन कापसाच्या दिवसांत. विठ्ठलराव कंटाळले होते. जालन्याचा एक व्यापारी लॉरी बघून गेला होता. आठवड्यात गाडी रस्त्याला लागली नाही तर ती त्याच्याकडे जाणार होती, आणि व्यापाऱ्याकडे त्याचा स्वतःचा ड्रायव्हर होता.

"मंग तुजं काय?" चंद्रभागाबाईने विचारले.

भारत रिकाम्या फडक्याची घडी घालू लागला. आसारामची नजर एकदा, अगदी एकदाच, भिंतीला टेकवलेल्या घणाकडे गेली. लॉरी गेली तर पोराला या भट्टीवाचून जायला दुसरी जागा नव्हती. त्याला परत आणायला आसारामला काही करायचे नव्हते. फक्त जमत नाही म्हणायचे होते.

त्याने भात्याची दोरी सोडली आणि दगडावरचे तुकडे उचलले.

वीतभर लांबीचा दांडा, दोन्ही टोके चौकोनी. मधोमध तो करंगळीएवढा बारीक झाला होता आणि तिथेच पिरगळून तुटला होता. आसारामने बारीक भागावरून अंगठा फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर तेच आले, जे दुसऱ्या गावच्या लोहाराचे काम पाहून यायचे.

"इलायती म्हनत्यात," तो बायकोला म्हणाला. "मधी बघ कसा झिजून गेलाय. ह्याला सांग, दांडा पुरता जाड पायजे हुता. परवा ये म्हनावं."

"त्यो हितंच बसलाय," चंद्रभागाबाई म्हणाली. "ऐकतोय."

"आन सांग, माज्या ऐरणीवरनं गेलेलं परत येत न्हाई."

हे खरे होते. आसारामच्या घरात एक रीत होती. दिलेले काम तुटून परत आले, तर लोहाराने हातातले काम थांबवायचे, हात धुवायचे आणि घेऊन येणाऱ्याला स्वतःच्या हाताने गूळ-पाणी द्यायचे. बायकोच्या नाही, सुनेच्या नाही. ते झाल्याशिवाय तुटलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. आसारामने आपल्या बापाला हे एकदा करताना पाहिले होते, एका गाडीच्या आसासाठी. पाणी देताना बापाची मान जशी खाली गेली होती, तशी त्याने नंतर कधी पाहिली नाही. ऐरणीवर बसल्यापासून आसारामवर ती वेळ आली नव्हती. गावात नवा नांगर घेणारा माणूस भाव करताना सगळे बोलायचा, पण टिकेल का, असे कुणी विचारत नसे.

दांड्यासाठी त्याने जुनी पोलादी पहार काढली. आजोबांच्या वेळची, विहीर खणताना वाकली नव्हती अशी. ती तोडताना चंद्रभागाबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिले, पण घण घातला. दोन दिवस ठोकणे आणि कानस. दोन तुकडे जोडून दोऱ्याने माप घेतले, चौकोनी टोके मेणात दाबून ठसा घेतला, त्या ठशात बसेपर्यंत घासली. मधला बारीकपणा अर्थातच ठेवला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा जाड, निळसर, तापवून तेलात बुडवून पाणी दिलेला कडक दांडा तयार झाला तेव्हा त्याने तो दगडावर आपटून पाहिला. घंटेसारखा आवाज आला.

दांडा बसला. लॉरी सुटली. कापूस घाट उतरून बीडच्या सरकी काढायच्या जिनात गेला, लॉरी परत आली, पुन्हा गेली. विठ्ठलरावांनी आसारामला फेटा पाठवला, गुलाबी, जरीच्या काठाचा. आसाराम फेट्याचा माणूस नव्हता, पण तो बांधून तो बाजारातून एकदा विनाकारण फिरून आला. पारावरच्या बंकटने हाक मारून विचारले की लग्न कुणाचे आहे. आसारामने चाल बदलली नाही.

जुने तुकडे त्याने टाकले नव्हते. लोहार लोखंड टाकत नाही. कशाचा तरी खिळा, कशाची तरी छिन्नी होते. एका दुपारी जेवण झाल्यावर तो ते खिशात घेऊन शेजारी शहादेव सुताराच्या मांडवात बसला. बरोबरीचे दोघे, एकाचे लाकूड आणि दुसऱ्याचे लोखंड मिळून गावाच्या गाड्या होत. शहादेव शिवळा तासत होता. जुवाच्या भोकातून खाली येतात आणि बैलाची मान दोन्ही बाजूंनी धरतात त्या लाकडी काठ्या. आसाराम नुसताच बसून तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिला, जसे कुणी तंबाखू मळावी.

अंगठा मधल्या बारीक जागेवर थांबला. त्याने तुकडा फिरवला. पुन्हा फिरवला.

आस एका बाजूने झिजतो. खालच्या. जिथे भार येतो तिथे. आसारामने आयुष्यात शेकडो झिजलेले आस पाहिले होते, आणि त्यातला एकही सगळ्या बाजूंनी सारखा झिजलेला नव्हता. हा तुकडा सगळीकडून सारखा बारीक होता. त्याने तो उन्हात धरला. बारीक भागाच्या तळाशी केसासारख्या गोल रेघा होत्या, एकीला लागून एक. यंत्रावर कातलेल्या. कुणीतरी चांगला जाड दांडा घेऊन, वेळ घालवून, मुद्दाम त्याची मान बारीक केली होती.

त्याला आधी राग आला. चांगले लोखंड कुणी असे कापते का?

"कसला इचार चाललाय?" शहादेवने विचारले. "दरसालाचं तुजं सुरू कर की. लोखंडाच्या शिवळा करून देतो म्हन, नातवाला पुरतील म्हन."

ही दोघांची जुनी थट्टा होती. दर वर्षी शिवळा करताना आसाराम ते म्हणायचा आणि शहादेव ठरलेले उत्तर द्यायचा. या वर्षी आसाराम काही बोलला नाही, म्हणून शहादेवने दोन्ही बाजूंचे बोलणे स्वतःच पुरे केले. "आन मी म्हनायचं, कर बाबा लोखंडाच्या. बैल खड्ड्यात गेला की शिवळ न्हाई मोडायची, खरंय तुजं. मान मोडंल." त्याने तासलेली काठी गुडघ्यावर ठेवून दाबून पाहिली. ती थोडी वाकली. "म्हनून तर हलकं लाकूड घ्यायचं. जू बाभळीचं, शिवळ हलकी."

आसारामच्या हातातला तुकडा तसाच उन्हात राहिला.

मग तो उठला. पडवीत जाऊन खुंटीवरचा फेटा त्याने न बघताच डोक्याला गुंडाळला, कारण ऊन होते आणि हाताला तोच लागला.

"कुठं निघालाव?" चंद्रभागाबाईने विचारले.

"मांजरसुंब्याला."

"आवं, कावून?"

"दांडा काढायला."

आज लॉरी भरून उतरणार, हे गावात सगळ्यांना माहीत होते. आसाराम सरकारी सडकेने जवळजवळ पळत निघाला. वाटेत कडब्याची एक गाडी भेटली, पण बैलांची चाल बघून तो तिच्यात बसला नाही.

घाटाच्या तोंडाशी लॉरी उभी होती, बोंद्री वरपर्यंत रचलेली, दोरखंड आवळलेले. विठ्ठलराव निंबाखाली बाजेवर बसले होते. भारत इंजिनात पाणी ओतत होता. मामाला पाहून तो बादलीसकट तसाच वळला आणि पाणी बुटावर सांडले.

आसारामला दम लागला होता, म्हणून त्याने जे होते ते एका वाक्यात सांगितले. दांडा चुकला आहे, तो काढा, मी दुसरा देतो.

विठ्ठलरावांना आधी ते कळलेच नाही. चुकला म्हणजे काय? इतक्या खेपा झाल्या. तुटला का? नाही. झिजला का? नाही. मग?

"तुटत न्हाई, त्योच त्याचा दोष हाय, मालक."

"डोकं फिरलं का बे तुजं?" विठ्ठलराव उठून उभे राहिले. "माजाच फेटा बांधून माजीच गाडी बंद पाडायला आलास?" मग ते थांबले. त्यांनी भारतकडे पाहिले, पुन्हा आसारामकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "आता कळलं. गाडी हुबी ऱ्हायली की इकावी लागती. गाडी इकली की भाचा तुज्या दारात. असंच ना?"

नाक्यावरचा शिपाई, बोंद्री चढवणारे गडी, सगळे ऐकत होते. आसारामचे तोंड लाल झाले. त्याच्याजवळ या बोलण्याला उत्तर होते, आणि ते खरेही होते: तसे हवे असते तर पहिल्याच दिवशी जमत नाही म्हणालो असतो. पण पहिल्या दिवशी तो विचार मनात आला होता, हेही तितकेच खरे होते. त्यामुळे ते उत्तर त्याने दिले नाही.

तो भारतकडे वळला. किती वर्षांनी, सरळ भारतकडेच.

"पंप कवा अडकला, आतल्या आत धरला, तर दांडा काय करंल?"

मामा आपल्याशी बोलला, हे कळायलाच भारतला वेळ लागला.

"फिरवायला बघंल, मामा. इंजिन थांबत न्हाई ना."

"पंप फिरत न्हाई. दांडा तुटत न्हाई. मंग?"

भारतने बादली खाली ठेवली. इंजिनाच्या उघड्या झाकणातून आत पाहिले, जणू तिथे ते घडतच होते.

"मंग चाकाचे दात जातील," तो सावकाश म्हणाला. "इंजिनाच्या चाकाचे."

"ते मिळत्यात का?"

"इलायतेहून. मिळाले तर." तो विठ्ठलरावांकडे वळला. "मालक, पंप कालपास्नं लई तापतोय. हात लावू देत न्हाई."

"मंग बोलला कावून न्हाईस?"

"गाडी इकून टाकताल म्हनून."

विठ्ठलरावांनी घाटाकडे पाहिले. तिथून खालचा रस्ता पहिल्या वळणापर्यंतच दिसतो. त्या वळणाच्या पलीकडे, भरल्या लॉरीचे इंजिन दात मोडून बंद पडले तर काय होईल, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते जमिनीचे मालक होते, पण त्यांनी आयुष्यभर बैलगाड्याही हाकल्या होत्या.

"म्हंजी तू मला चांगला दांडा काढून तुटनारा दांडा देनार," ते अखेर म्हणाले.

"व्हय."

"आन तुटला की?"

"तुटला की दुसरा देईन. तुटंल तितक्या बारी देईन."

"दिवाळी हुईपर्यंत बघतो," विठ्ठलराव म्हणाले. "तवर गाडीचं काई झालं, तर जालन्याला जाईल. जिम्मा तुजा."

आसारामने डोक्यावरचा फेटा उतरवला, नीट घडी घातली आणि बाजेवर ठेवला. भारतने पाना घेतला आणि तो लॉरीखाली सरपटला. विचारल्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी नेकनुरात अशी गोष्ट झाली की पडवीसमोर माणसे जमली. आसाराम आपलेच काम तोडत होता.

या वेळी त्याने पोलाद घेतले नव्हते. जुन्या गाडीच्या चाकावरची लोखंडी धाव घेतली, साधे, मऊ लोखंड. पाणी दिले नाही. भारत कानस चालवत होता. हात विसरलेला नव्हता, फक्त नाजूक झाला होता, आणि मामीने ते त्याला दोनदा ऐकवले. मधली मान किती बारीक ठेवायची, हा प्रश्न होता. जुन्या तुकड्याचे माप होते, पण ते लोखंड वेगळे, हे वेगळे. तेव्हा आसारामने भाच्याला विचारले, पंप चांगला असताना हाताने फिरवायला किती जोर लागतो. भारत म्हणाला, हातभर लांब पान्याने एका हाताने फिरतो. मग झाले तर, आसाराम म्हणाला. एका हाताच्या जोराने जो तुटेल तो नको. दोन्ही हातांनी रेटले की तुटलाच पाहिजे. दातांची ताकद किती, ते आपल्याला माहीत नाही, म्हणून आपण कमीच ठेवायचे. लवकर तुटला तर एक हेलपाटा पडेल. उशिरा तुटला तर गाडी जाईल.

बाभळीच्या ओंडक्यात चौकोनी भोकाची पट्टी ठोकली होती. तिच्यात दांड्याचे एक टोक अडकवायचे, दुसऱ्या टोकाला हातभर पाना लावायचा आणि पिरगळायचे. पहिला दांडा टोकाशीच वाकला, मान तशीच राहिली. दुसरा चंद्रभागाबाईने एका हाताने सहज तोडला. माणसे हसली.

"आसाराम," बंकट म्हणाला, "आता नांगर बी असेच करनार का? न्हाई, आदी सांग, म्या बैल इकून टाकतो."

"तुजा बैल तसाबी नांगर वडत न्हाई," आसाराम म्हणाला, आणि पट्टीत तिसरा दांडा अडकवला.

तिसऱ्याला चंद्रभागाबाईने एका हाताने रेटले. तो गप्प राहिला. तिने दोन्ही हात लावले, पाय रोवले. लोखंडाने एक बारीक आवाज केला आणि दांडा मानेतून तुटला. दोन्ही चौकोनी टोके जशीच्या तशी. आसारामने तुकडे उचलून तुटलेली जागा पाहिली. आपण केलेली वस्तू हवी तशी तुटली म्हणून आपल्याला बरे वाटते आहे, हे त्याच्या ध्यानात आले, आणि तो ते कुणाला दिसू नये म्हणून भट्टीकडे वळला.

त्या मापाचे त्याने तीन दांडे केले. एक भारत घेऊन गेला. दोन पडवीत खिळ्याला टांगले. पंपाच्या तेलाची नळी भारतने धुऊन काढली आणि लॉरी पुन्हा घाट उतरू लागली. गावातले बोलणे मात्र थांबले नाही. तुटणारे काम विकणारा लोहार, असे नाव पडायला वेळ लागत नाही. एका शेतकऱ्याने फाळ घेताना पहिल्यांदाच विचारले, टिकेल ना आसाराम? आसाराम म्हणाला, टिकेल, आणि तो गेल्यावर हातातला दुसरा फाळ पुन्हा पुन्हा दगडावर आपटून पाहिला. चंद्रभागाबाई रोज खिळ्यावरचे दांडे पुसून ठेवायची. ते वापरावे लागू नयेत, की लागावेत, हे तिला नीट ठरवता येत नव्हते.

दिवाळी दोन दिवसांवर होती. सकाळी फाळाचेच काम चालू होते. फाळ लाल होता, हातोडी जागा दाखवत होती, घण पडत होता. पारावरून बंकटचा आवाज आला.

"आसाराम! परत आलं की रे!"

भारत सडकेने चालत येत होता. त्याच्या हातात फडके होते. पारावरची दोन-तीन माणसे त्याच्या मागोमाग आली, कारण आसारामच्या दारात तुटलेले काम परत येताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. भारतने फडके सोडले आणि दोन तुकडे दगडावर ठेवले. त्याचे कपडे तेलाने आणि धुळीने भरले होते आणि त्याच्या चेहऱ्यावर काय आहे, ते आसारामला पटकन वाचता येईना.

चंद्रभागाबाईने घण अर्ध्यावरच थांबवला होता. तो तिने हळूच खाली टेकवला.

"कुठं?" आसारामने विचारले.

"घाटाच्या वर, सपाटीला. पंपाची तेलाची नळी गाळानं बंद झालती, पंप जागेवर धरला. काटा खाली यायला लागला, तसा म्या बिरेक दाबून गाडी कडंला घेतली. टाकीत हवा हुती तवर थांबली."

"गाडी भरलेली हुती?"

"वरपस्तोर."

आसारामने तुकड्यांना हात लावला नाही. लांबूनच पाहिले. मानेतून तुटला होता, सरळ, जसा ओंडक्यात तुटला होता तसा.

"दात?"

"सगळे हायेत, मामा. म्या बोट घालून एकेक बघितला." भारतला धाप लागली होती. "नळी धुतली. पंप मोकळा झाला. मालक म्हनले, दुसरा दांडा आन, दुपारी उतरू. जालन्याचं काई काढलं न्हाई त्यांनी."

खिळ्याला टांगलेले दोन दांडे वाऱ्याने एकमेकांना लागत होते.

आसारामने सांडशीतला फाळ भट्टीच्या कडेला ठेवला. तो उठला, रांजणाजवळ गेला आणि त्याने हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत, राखेने. पारावरची माणसे बघत होती. चंद्रभागाबाई नेहमीसारखी आत जायला वळली. आसारामने हातानेच तिला थांबवले आणि तो स्वतः आत गेला. घरात मडकी हलल्याचे, काहीतरी शोधल्याचे आवाज आले. गुळाची ढेप कुठे असते, ते त्याला ठाऊक नव्हते.

"फळीवर," चंद्रभागाबाई बाहेरून म्हणाली. "डबा हलवू नका, सांडंल."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या तळहातावर गुळाचा खडा, खूप मोठा, अंदाज नसलेल्या माणसाने फोडलेला. भारत उभा होता. रीत त्यालाही माहीत होती. याच पडवीत वाढला होता तो. तो भट्टीजवळच्या पोत्यावर बसला. पूर्वी तो तिथेच बसायचा.

आसारामने आधी गूळ दिला, मग पाणी. देताना त्याची मान खाली गेली नाही.

भारतने तांब्या वर धरला आणि तो शेवटपर्यंत प्यायला. फाळ गार होत चालला होता. कुणी घाई केली नाही.